रक्ताचे पॉइंट आणि लोहाचा साठा

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, तेथे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना आपल्या रक्ताचे पॉइंट तोंडपाठ असतात. गरोदरपणी किती होते, बाळंतपणानंतर किती उतरले, मागच्या शिबिरात आशाताईंनी किती सांगितले, हे त्या न अडखळता सांगतात. हे पॉइंट म्हणजे हिमोग्लोबिन, आणि ते कमी निघाले की घरात त्याचा एकच अर्थ लावला जातो, तो म्हणजे अंगात लोह नाही, गोळ्या सुरू करायच्या. पुष्कळदा हा अर्थ बरोबरही निघतो. पण हिमोग्लोबिनची तपासणी ही लोहाची तपासणी नव्हे. लोह संपत चालले असतानाही हिमोग्लोबिन बराच काळ चांगले दिसू शकते आणि लोह पुरेसे असतानाही ते कमी असू शकते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण दोष मुलांना देऊ शकणारे लोक, जेथे अनेक कुटुंबांत आहेत, त्या विदर्भात ही गल्लत रुग्णाला फार महाग पडते. म्हणून लोहाची तपासणी म्हणजे नेमके काय आणि ती केव्हा मागावी, हे सविस्तर लिहिण्याचे ठरवले.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते, स्त्रियांमध्ये त्याहून थोडे कमी. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्तातील तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये असते. उरलेल्यातील बराचसा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवलेला असतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि ती मोडली की तिच्यातील लोह शरीर टाकून देत नाही, नव्या पेशीसाठी पुन्हा वापरते. रोज अशा रीतीने २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरत राहते, तर अन्नातून रोज शोषले जाणारे लोह जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम असते. आवक इतकी तुटपुंजी असल्यामुळे रक्तस्रावाने झालेली हानी भरून निघायला महिनोन्‌महिने लागतात. मासिक पाळीत एका वेळी ८० मिलिलिटर रक्त गेले, तर हिमोग्लोबिन १२ असलेल्या स्त्रीचे ३० मिलिग्रॅमहून अधिक लोह त्यासोबत जाते. एका पूर्ण गरोदरपणाला एकंदर सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते, आणि तेवढा साठा घेऊन गरोदर राहणाऱ्या स्त्रिया आमच्याकडे फार थोड्या असतात.

साठा उतरू लागला की तो ठरावीक क्रमाने उतरतो. आधी फेरिटिन खाली येते. मग रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनावरील लोहाचा भार हलका होतो. त्यानंतर तयार होणाऱ्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिक्या होऊ लागतात, आणि सगळ्यांत शेवटी हिमोग्लोबिन घसरते. विहिरीवरची मोटर सुरू केली की पौषात जशी धार पडते तशीच ती फाल्गुनातही पडत राहते. पाणी किती खाली गेले हे धारेवरून कळत नाही, विहिरीत दोर सोडूनच पाहावे लागते. रक्तातील फेरिटिनची तपासणी हे दोर सोडून पाहणे आहे. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२.२ आहे, जिला कार्डावर 'सामान्य' असा शेरा मिळाला आहे, पण कापूस वेचणीत दुपारपर्यंत जिचे पाय गळून जातात, केस मुठीने गळतात आणि जिला माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होते, तिचे फेरिटिन पाहिले तर ते अनेकदा एक अंकी, म्हणजे साठा रिता असल्याचे दाखवणारे, निघते. तिला घरचे लोक आळशी म्हणत असतात. हे मला मनापासून लागते, कारण तिची तक्रार खरी असल्याचा पुरावा एका नळीभर रक्तात असतो आणि तो कोणी मागितलेला नसतो.

हिमोग्लोबिन कसे मोजले गेले, हाही प्रश्न विचारायला हवा. आमच्या पिढीतल्या तंत्रज्ञांनी साहलीच्या पद्धतीने काम शिकले. बोटातून घेतलेले २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, तपकिरी रंग पूर्ण येईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे, मग थेंबाथेंबाने पाणी घालत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचे. जुळला की नाही, हे डोळ्याने ठरते, आणि खिडकीतून येणारा प्रकाश बदलला तरी आकडा बदलतो. आता शिबिरांत पट्टी घालायचे डिजिटल यंत्र असते आणि ते पुष्कळ चांगले आहे, तरी बोटातून रक्त नीट येत नाही म्हणून बोट जोरात पिळले तर रक्तासोबत ऊतींतील पाणीही येते आणि आकडा खाली जातो. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, तो गर्दीत पुसला जात नाही. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर त्या ओल धरतात.

या फरकाचे महत्त्व मोठ्या पाहण्यांतही दिसते. २०१९–२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय नोंदवला गेला, आणि देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये तो ६७.१ टक्के होता. ही पाहणी बोटातील रक्तावर झाली होती. त्याआधी २०१६–१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत मात्र शिरेतून रक्त घेतले गेले, आणि तेथे एक ते चार वर्षांच्या बालकांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के आले. त्याच पाहणीत फेरिटिनही मोजले होते, आणि लोहाची कमतरता ३२ टक्के बालकांत आढळली. म्हणजे ज्यांचे रक्त कमी आहे त्या सर्वांचे लोह कमी नाही, हे देशपातळीवरही उघड आहे. किशोरवयीन मुलामुलींमध्ये तर जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता ३१ टक्के आढळली, आणि ती लोहाच्या गोळीने भरून निघत नाही.

फेरिटिनकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगते, कारण ती फुकटात हाती असते आणि वाचली जात नाही. शिरेतील रक्तावर यंत्राने केलेल्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या खाली आणखी चार-पाच ओळी असतात. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, तो साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असावा. एमसीएच म्हणजे एका पेशीतील हिमोग्लोबिन, ते २७ पिकोग्रॅमच्या खाली गेले की पेशी फिक्या झाल्या असे समजावे. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारांतील तफावत. लोह कमी पडू लागले की पेशी लहान होतात आणि तफावत वाढते. बी-१२ किंवा फॉलिक आम्ल कमी असले तर पेशी मोठ्या होतात. दोन्ही कमतरता एकत्र असतील तर सरासरी आकार मधेच कुठेतरी येऊन सामान्य दिसतो, आणि तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यू हीच खूण उरते.

आता थॅलेसेमियाविषयी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी आईसोबत आली होती. आई म्हणाली, "ताई, पोरगी शाळेत होती तवापासून निया गोया खाऊन रायली, पन रक्त काई वाढून नाई रायलं." शाळेत आठवड्याला एक मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, आणि ती मुलीने नियमाने घेतली होती. शिवाय खासगीत लिहून दिलेल्या गोळ्याही झाल्या होत्या. सीबीसी केली तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ होते, पेशींचा आकार अवघा ६२, आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र ५८ लाख, म्हणजे कमी नव्हेच, उलट वरच्या बाजूला. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात तशा संख्येनेही कमी पडतात. येथे लहान पेशी भरपूर होत्या. पेशीच्या आकाराला दशलक्षांतील संख्येने भागले तर भागाकार ११ च्या आसपास येतो, आणि तो १३ पेक्षा कमी आला की बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यावी, असा साधा हिशेब आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांच्या हाताशी असतो. हा हिशेब निदान नव्हे, तो केवळ दिशा दाखवतो. तिचे फेरिटिन ८६ आले, म्हणजे साठा पुरेसा होता. पुढे एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू हा प्रकार ५.४ टक्के निघाला, जो साधारणतः ३.५ टक्क्यांच्या आत असतो, आणि ती वाहक असल्याचे निश्चित झाले. तिला कोणताही आजार नव्हता. तिच्या पेशी जन्मतःच लहान होत्या आणि तशाच राहणार होत्या. इतकी वर्षे तिला अशक्त समजून शेतात पाठवले जात नव्हते, खेळू दिले जात नव्हते, आणि गोळ्यांनी पोट बिघडत होते ते वेगळेच. एक फेरिटिन वेळेवर झाले असते, तर हे टळले असते.

तिला आणि तिच्या आईला डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती लग्नाविषयीची. दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या भागात त्याहून अधिक लक्षात ठेवायची जोडी म्हणजे एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया. अशा मुलाला सिकल-थॅलेसेमिया होतो आणि त्याचे दुखणे सिकलसेलसारखेच असते. सिकलसेलच्या साध्या विद्राव्यता चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही, त्यासाठी एचपीएलसी लागते. येथे लोहाचा पुन्हा संबंध येतो, कारण लोह फार कमी असताना ए-टू चे प्रमाण खाली येऊ शकते आणि वाहक असलेली व्यक्ती अहवालात सामान्य दिसू शकते. फेरिटिन कमी असेल तर आधी लोह भरून काढावे आणि मग शंका उरल्यास एचपीएलसी पुन्हा करावी, हे मी प्रत्येकाला सांगते.

उलट दिशेची गल्लतही तितकीच होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याआधीपासूनच गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तपासण्या होत आल्या आहेत. त्यामुळे 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरे आता गावोगावी माहीत झाली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र एएस, म्हणजे निव्वळ वाहक असलेल्या व्यक्तीचे रक्त सिकलमुळे कमी होत नाही, ही गोष्ट तेवढी पोहोचलेली नाही. तिशीतली एक शेतमजूर बाई हिमोग्लोबिन ८.६ घेऊन वावरत होती. हातात एएसचे कार्ड होते, आणि सिकल असल्यामुळे रक्त कमीच राहणार असे तिला कोणीतरी सांगून ठेवले होते, म्हणून तिने उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या कोनाड्यात ठेवून दिल्या होत्या. तिचे फेरिटिन ५ आले. पाळीत फार रक्त जाते का, असे विचारले तेव्हा तिने आधी नाही म्हटले आणि नर्सताईंनी दार लावून घेतल्यावर हो म्हटले. गोळ्या आणि पाळीवरचे उपचार सुरू झाल्यानंतर तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तिचे हिमोग्लोबिन ११.९ झाले.

एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णांची बाब पूर्ण निराळी आहे. त्यांना वारंवार रक्त द्यावे लागले तर प्रत्येक पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि शरीराला जास्तीचे लोह बाहेर टाकण्याचा मार्ग नसतो. ते यकृतात आणि हृदयात साचते. अशा मुलांमध्ये फेरिटिन तपासायचे ते कमी आहे का हे पाहण्यासाठी नव्हे, किती वाढले आहे हे पाहण्यासाठी. ते १,००० च्या वर टिकून राहू लागले की लोह काढून टाकणाऱ्या औषधाचा विचार डॉक्टर करतात. अशा मुलाला 'रक्त कमी आहे' म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणून पाजणे घातक आहे, आणि ते आमच्याकडे प्रेमापोटी होते.

फेरिटिनचा आकडा कसा वाचावा, हे आता पाहू. रक्तद्रवातील फेरिटिन मोजण्याची पद्धत १९७२ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी साठा पाहायचा तर अस्थिमज्जेचा नमुना काढून त्यातील लोह निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढांमध्ये फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल, आणि पाच वर्षांखालील बालकांमध्ये १२ च्या खाली असेल, तर लोहाची कमतरता आहे असे धरावे. प्रत्यक्षात अनेक डॉक्टर थकवा आणि केस गळणे अशी लक्षणे असताना ३० च्या खालच्या आकड्यालाही कमतरता मानतात, आणि माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. पण अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेली सामान्य मर्यादा वेगवेगळ्या यंत्रांसाठी वेगळी असते, आणि काही ठिकाणी ती स्त्रियांसाठी १० किंवा ११ पासून सुरू होते. परिणामी १२ हा आकडा ठळक अक्षरांत छापला जात नाही, आणि ठळक काही नाही म्हणून घरी 'सगळे नॉर्मल' असे सांगितले जाते. ठळक अक्षरे शोधण्यापेक्षा आकडा स्वतः वाचावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

या तपासणीची एक मोठी अडचण आहे. शरीरात कोठेही संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन वाढते, लोह असो वा नसो. मलेरिया, क्षयरोग, टायफॉइड, साधा ताप, सुजलेले सांधे, यकृताचा आजार, यांपैकी काहीही असले तरी आकडा फुगतो. पावसाळ्यानंतरच्या तापाच्या दिवसांत घेतलेल्या नमुन्यात ४५ किंवा ६० असे फेरिटिन आले, तर ते पुरेसे आहे असे मी कधीही म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही संसर्ग किंवा दाह असताना प्रौढांसाठी ही मर्यादा ७० आणि लहान बालकांसाठी ३० अशी वर नेली आहे. म्हणून शक्य असेल तर सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी तपासणी करावी, आणि घाई नसेल तर ताप जाऊन तीन-चार आठवडे झाल्यावर नमुना द्यावा. फेरिटिन कमी आले तर मात्र शंकेला जागा राहत नाही, कारण लोहाचा साठा रिता झाल्याखेरीज ते सहसा इतके खाली येत नाही.

सिरम आयर्न ही तपासणी नावामुळे लोकांना हवीशी वाटते. ती एकटी करू नये, एवढेच मी सांगते. रक्तद्रवातून फिरणारे लोह सकाळी आणि सायंकाळी वेगळे असते, आदल्या रात्री गोळी घेतली असेल तर ते फुगलेले दिसते, आणि आजारपणात ते साठा असतानाही खाली जाते. टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता, या तपासणीसोबत ती केली तर ट्रान्सफेरिनची संपृक्तता, म्हणजे त्याचा किती भाग लोहाने भरला आहे, हे काढता येते, आणि ती १६ टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमी पडत असल्याचे कळते. फेरिटिनचा आकडा दाहामुळे संशयास्पद झाला असेल तेव्हा ही जोडी उपयोगी पडते. त्यासाठी सकाळी उपाशीपोटी यावे आणि लोहाची गोळी किमान २४ तास आधी थांबवावी. फेरिटिनसाठी उपाशी राहण्याची गरज नसते.

नमुन्याच्या प्रवासाविषयी फारसे बोलले जात नाही, पण विदर्भात त्याचा विचार करावाच लागतो. दूरच्या गावात सकाळी घेतलेले रक्त तालुक्याला किंवा जिल्ह्याला दुपारी पोहोचते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४–४५ अंशांवर असतो. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेले रक्त उन्हात राहिले तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि एमसीव्ही खरा असतो त्याहून मोठा दिसतो. लोहाच्या कमतरतेने ७७ झालेला आकार ८२ दिसला, तर पहिली खूणच पुसली गेली. फेरिटिनच्या नळीतील रक्त गोठल्यावर सिरम वेळेवर वेगळे करावे लागते, कारण पेशी फुटल्या तर त्यांच्यातील फेरिटिन बाहेर पडून आकडा बदलतो. गावात शिबिर असेल तर नमुने बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता नेले जात आहेत का, हे सरपंचांनी किंवा आशाताईंनी विचारायला काहीच हरकत नाही. चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने रागावणार नाही.

फेरिटिन कमी आल्यावर खरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे लोह गेले कोठे. तरुण स्त्रीमध्ये बहुधा पाळी, लागोपाठची बाळंतपणे आणि अपुरा आहार ही कारणे असतात. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले होते आणि त्याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. काळ बदलला आहे, तरी पाळीत किती रक्त जाते हे आजही कोणी विचारत नाही आणि न विचारता कोणी सांगत नाही. ओल्या शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायांतून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यात राहून रक्त शोषतो, हे दुसरे कारण. त्यासाठी शौचाची तपासणी किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताची गोळी हवी.

पुरुषांमध्ये, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, मात्र लोह कमी निघाले तर नुसत्या गोळ्या घेऊन घरी जाऊ नये. या वयात लोह जाते ते बहुधा पोटातून, मूळव्याधीतून, अल्सरमधून किंवा आतड्याच्या गाठीतून. आमच्याकडे गुडघे आणि कंबर दुखते म्हणून किराणा दुकानातूनसुद्धा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या जातात, आणि त्या रिकाम्या पोटी वर्षानुवर्षे खाल्ल्या जातात. पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याचे हिमोग्लोबिन ७.९ आणि फेरिटिन ६ आले होते. गावातल्या डॉक्टरांनी सलाइनमधून रक्तवाढीचे औषध दिले, त्यांना बरे वाटले, आणि दिवाळीनंतर आकडा पुन्हा तेवढाच झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा जठरातील जखम सापडली. हे काका आज बरे आहेत, पण त्या जखमेच्या जागी गाठ असती, तर मधले महिने परत मिळाले नसते. पुरुषाच्या अहवालात कमी फेरिटिन दिसले की मी स्वतः उठून डॉक्टरांना सांगायला जाते.

गोळ्यांविषयी थोडक्यात. लिंबूपाणी किंवा आपल्याकडचे संत्रे यांसोबत गोळी घ्यावी, चहासोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. शौच काळे होते, त्याला घाबरू नये. पोट फारच बिघडत असेल तर दिवसाआड गोळी चालेल का हे डॉक्टरांना विचारावे, कारण गोळीनंतर शरीरात हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून दुसऱ्या दिवशीचे शोषण कमी होते आणि त्यामुळे काही रुग्णांना दिवसाआड गोळी दिली जाते. गरोदर स्त्रियांनी मात्र सांगितल्याप्रमाणेच घ्यावी. महिनाभराने हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. ते किमान एका पॉइंटने वाढले नसेल, तर गोळी नियमित घेतली जात नाही, रक्त अजून जात आहे किंवा कारणच वेगळे आहे. हिमोग्लोबिन १२ झाले की गोळ्या थांबवण्याची घाई सगळे करतात, परंतु साठा भरायला त्यानंतरही सुमारे तीन महिने लागतात. तेव्हा पुन्हा एकदा फेरिटिन पाहून मगच थांबावे.

प्रत्येक लाल-निळ्या गोळीपूर्वी फेरिटिन करावे असे माझे म्हणणे नाही. गावपातळीवर ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या गरोदर बाईच्या गोळ्या अहवालाची वाट पाहत अडवून ठेवणे चुकीचे होईल. पण महिनाभराच्या गोळ्यांनी पॉइंट वाढले नाहीत, घरात कोणी सिकल किंवा थॅलेसेमियाचे आहे, पेशी फार लहान आहेत, हिमोग्लोबिन चांगले असूनही थकवा जात नाही, किंवा रुग्ण पुरुष वा वयस्क आहे, यांपैकी काहीही असेल तर फेरिटिन मागून घ्यावे. खासगी लॅबमध्ये त्याला काहीशे रुपये लागतात, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ते जड आहेत हे मी जाणते. म्हणून आधी ग्रामीण रुग्णालयात विचारावे. तेथून नमुना पुढे पाठवता येतो का, याची चौकशी करावी, आणि सिकल-थॅलेसेमियाच्या शंकेसाठी नागपूर किंवा सेवाग्रामला जाण्यापूर्वी सीबीसी आणि फेरिटिनचे कागद सोबत घ्यावेत.

हे कागद जपून ठेवण्याविषयीही सांगायचे आहे. गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा एमसीव्ही, पहिल्या बाळंतपणाच्या वेळचे हिमोग्लोबिन, दहावीत असताना केलेली सीबीसी, यांवरून पेशी जन्मापासूनच लहान होत्या की अलीकडे झाल्या, हे डॉक्टरांना कळते. अनेक यंत्रांतून निघणारा अहवाल उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पट्टीवर असतो, आणि पत्र्याच्या घरात ठेवलेल्या पेटीत एका उन्हाळ्यात त्यावरची अक्षरे फिकी पडतात. काही जण काळजीने तो लॅमिनेट करून आणतात, पण लॅमिनेशनच्या उष्णतेने संपूर्ण पट्टी काळी पडते आणि एकही आकडा उरत नाही. अहवाल मिळाला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये फोटो घ्यावा, आणि झेरॉक्सवर पेनाने तारीख लिहून त्या वेळी ताप होता का आणि गोळ्या सुरू होत्या का, एवढे दोन शब्दांत नोंदवून ठेवावे.